चाकांवरचं चुंबक

इस्पितळात त्याला सगळे 'आकाशवाणी' म्हणायचे. ते नाव इतकं मुरलं होतं की कोणी खऱ्या नावाने हाक मारली असती, तर आपल्यामागे दुसरं कोणी उभं आहे का ते त्याने आधी वळून पाहिलं असतं.

नाव पडलं ते कामावरून. तळघरात एमआरआयची खोली होती. पेशंटला अरुंद फळीवर निजवायचं, डोकं दोन गाद्यांच्या मध्ये बसवायचं, घाबरलात तर दाबा म्हणून हातात रबरी फुगा द्यायचा आणि फळी बोगद्यात सरकवून आपण बाहेर यायचं. दार लागलं की आत ठोकाठोकी सुरू व्हायची, छपराचा पत्रा कोणी हातोड्याने सरळ करत बसल्यासारखी. त्या गदारोळात पेशंटच्या कानाशी एक आवाज यायचा. "घाबरू नका. मी इथेच आहे. अजिबात हलू नका. थोडंच राहिलंय." त्या आवाजाला घाई नव्हती आणि त्यात उगाच लाडीगोडीही नव्हती. बाहेर मिशांना पीळ देत बसलेले बाप्ये आत गेल्यावर घामाघूम व्हायचे आणि या आवाजाचं बोट धरून बाहेर यायचे. काही जण तर आतच घोरायला लागायचे. त्या ठणठणाटात घोरायचे, आता बोला.

आवाजाचा मालक मात्र काचेपलीकडे खुर्चीत. एक बोट माइकच्या बटणावर, डोळे पडद्यावर. सुटलो एकदाचे म्हणून बाहेर आलेला पेशंट त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही. मग लिफ्टमध्ये त्याच्याच शेजारी उभं राहून बायकोला सांगायचा, "आत कोणीतरी देवमाणूस बोलत होता गं." आणि देवमाणूस मजल्यांचे आकडे वाचत उभा. तोंड उघडलं असतं तर ओळख पटली असती. त्याने कधी उघडलं नाही, कारण ओळख पटली की पुढचा प्रश्न ठरलेला होता आणि त्या प्रश्नाला तो जन्मभर भीत आला होता.

"फोटोत काय दिसलं हो?"

या धंद्याचं हे जुनं दुखणं आहे. तंत्रज्ञाने फोटो काढायचा, त्यात काय आहे ते सांगायचं नाही. सांगणं डॉक्टरांचं काम, आणि ते तसंच असायला हवं. अर्धवट कळणाऱ्याने तोंड उघडलं तर माणसं विनाकारण रडतात नाहीतर विनाकारण हसतात. पण डोळे कुठे काढून ठेवणार? चित्र पडद्यावर आधी उमटतं ते त्याच्या समोर. तो नवा होता तेव्हा एका लहान पोराच्या डोक्याचा फोटो काढताना त्याच्या भुवया वर गेल्या. भुवयाच फक्त, तोंडातून ब्र काढला नव्हता. त्या पोराची आई काचेशी उभी होती. तिने तिथल्या तिथे टाहो फोडला, तो माइकमधून ऐकून पोरगं आत हातपाय झाडायला लागलं आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. वर दुखणं निघालं ते साध्या औषधाने बरं होणारं. वरिष्ठाने त्याला कोपऱ्यात घेऊन सणसणीत झापलं. "तोंड काय, कोणीही बंद ठेवेल. चेहरा बंद ठेवायला शीक."

तो शिकला, जरा जास्तच शिकला. चेहऱ्यावर अशी इस्त्री फिरवली की घरी येऊनही ती घडी मोडेना. बायको हौसेने काहीतरी सांगायची, हा ऐकायचा, मनातून हरखायचा, आणि तिला समोर दिसायचं ते बंद दुकान. तिने समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, भांडूनही पाहिलं. शेवटी एक दिवस बॅग भरता भरता ती शांतपणे म्हणाली, "भांडायला तरी समोर चेहरा लागतो हो माणसाला." त्याच्या काळजात चर्र झालं. ते बाहेर कुठे दिसलं नाही आणि ती गेली.

उरल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दूध तापत ठेवलं की तो गॅसपुढे उभा राहून दुधाला म्हणायचा, "थोडंच राहिलंय," आणि त्याचं त्यालाच हसू यायचं. सोबत कोणी नसलं की हसू लवकर संपतं. सुट्टीचा दिवस त्याच्या जिवावर यायचा, कारण त्या दिवशी "मी इथेच आहे" हे सांगायला माणूसच नसायचं. एकटा होता, अगदी एकटा. दुसऱ्या शब्दांत सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आणि मग इस्पितळात ते चाकांवरचं यंत्र आलं.

त्याने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. त्याच्या तळघरातल्या यंत्राचा थाट काय होता! बाहेरच्या रेडिओलहरींनी चित्रात लुडबुड करू नये म्हणून भिंतींच्या आत तांब्याचा पत्रा. चुंबक थंड राहावं म्हणून त्याच्या पोटात द्रवरूप वायू. खिशात कात्री विसरून कोणी आत शिरलं तर कात्री खिसा फाडून उडायची. आणि हे नवीन? कपाटाएवढं, खाली चाकं, चाकांना मोटर, आणि भिंतीवरच्या साध्या प्लगवर चालणारं. चुंबकाची ताकद मोठ्याच्या विसाव्या हिश्शापेक्षाही कमी. पेशंटचं फक्त डोकं दोन जाड तबकड्यांच्या मध्ये जाणार, बाकी माणूस आपल्या पलंगावर. तांब्याची खोली नाहीच. आजूबाजूचा गोंगाट हे यंत्र वेगळ्या कानांनी ऐकून घेतं आणि चित्रातून वजा करतं, उरलेलं धूसरपण कॉम्प्युटर निस्तरतो, असं शिकवायला आलेल्या इंजिनिअरबाईंनी सांगितलं.

त्याने पहिलं चित्र निरखून पाहिलं आणि म्हणाला, "चष्मा घरी विसरल्यासारखं दिसतंय."

"दिसणारच," बाई हसून म्हणाल्या. "रेखीव चित्रासाठी तुमचं मोठं आहेच की. पण ज्याला पलंगावरून हलवलं तरी जीव जाईल, त्याला तुम्ही तळघरात नेणार कसे? हे त्याच्यापाशी जातं. आणि घरचं माणूस शेजारी बसलं तरी चालतं, अंगावरचं लोखंड तेवढं काढून ठेवायचं."

घरचं माणूस शेजारी बसतं हे ऐकून तो यंत्राला माइक कुठे आहे ते शोधायला लागला. काच गेली म्हणजे काय गेलं ते त्या बाईंना कळायचं कारण नव्हतं.

विभागप्रमुख मॅडमनी यंत्र त्याच्याच गळ्यात मारलं. "तुमच्याइतका धीर कोणाकडे नाही," म्हणाल्या. झालं. दांडा धरून ते यंत्र व्हरांड्यातून न्यायला लागला की दोन्ही बाजूंनी सुरू व्हायचं. "काय आकाशवाणी, गाडीवर ताजं काय आज?" "कोथिंबीर फुकट देणार ना?" तो मान खाली घालून चालायचा. यंत्र माणसाच्या चालीने चालायचं, त्यामुळे थट्टा पूर्ण ऐकावी लागायची.

आयसीयूत पहिल्या दिवशी तर त्याने स्वतःचं हसूच करून घेतलं. यंत्र पलंगाच्या उशाशी लावलं, पेशंटचं डोकं आत घेतलं आणि सवयीने म्हणाला, "चला, सगळे बाहेर." मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बाहेर? आणि माझ्या बाकीच्या पेशंटना काय तुमचं यंत्र बघणार?" कोणी हललं नाही. मग बाहेर जायला कोणी नाही म्हटल्यावर तो स्वतःच गेला, म्हणजे पलंगाच्या कापडी पडद्यामागे जाऊन उभा राहिला आणि तिथून म्हणाला, "अजिबात हलू नका." पेशंट बेशुद्ध होता.

"अहो, लपंडाव खेळायला आलात का?" सिस्टरनी पडदा सरकवला. "या इकडे, माणसांत."

माणसांत यायला त्याला बरेच दिवस लागले. आणि आला तो किल्लीवाल्या काकांमुळे.

काका सत्तरीचे. आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घडवल्या, दार लागून अडकलेल्यांची दारं उघडून दिली. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. श्वास यंत्रावर, डोळे मिटलेले, नळ्याच नळ्या. आत सूज किती चढतेय हे रोज पाहायला हवं होतं आणि त्यांना तळघरापर्यंत न्यायचं म्हणजे जिवाशी खेळ होता. म्हणून रोज सकाळी चाकांवरचं यंत्र काकूंपाशी जायचं. डॉक्टरांनी काकांना तेवढा वेळ आत बसायची मुभा दिली होती.

पहिल्या दिवशी त्याने काकांपुढे प्लास्टिकचा ट्रे धरला. "काका, खिशात लोखंडी काही असेल तर काढा."

काकांनी खिशात हात घातला आणि ते काढतच राहिले. किल्ल्यांचा जुडगा. दुसरा जुडगा. छोटी कानस, दोन पेचकस, तारेचे आकडे, स्प्रिंगा, स्क्रूंची पुडी. ट्रे भरला. काकांनी शर्टाचा खिसा चाचपला आणि आणखी एक किल्ली काढून वर ठेवली. "ही कशाची ते मलाही आठवत नाही," ते म्हणाले. शेजारच्या पलंगाशी सिस्टर तोंडावर हात धरून हसत होत्या. असा भरलेला ट्रे मग रोज निघायला लागला. दुकान सोडून इतके दिवस झाले तरी म्हाताऱ्याच्या खिशातलं दुकान बंद झालं नव्हतं.

यंत्र सुरू झालं. याचा आवाज मोठ्यासारखा नव्हता, बारीक टकटक होती. काका बायकोचा हात हातात घेऊन बसले, मान थोडी कलती करून. "छान चालतंय," ते म्हणाले. "कुलपातल्या पिना एकेक जागेवर बसतात ना, तसं वाजतं."

तो पडद्याकडे पाहत होता. काका पडद्याकडे पाहत नव्हते, त्याच्याकडे पाहत होते.

"मला त्या फोटोतलं काय कळणार?" काका म्हणाले. "म्हणून मी तुमच्या तोंडाकडे बघतो."

"मला काही सांगता येत नाही, काका. डॉक्टर सांगतील."

"ते सांगतीलच हो. मला मोठं काही नकोच आहे." काकांनी आवाज खाली घेतला, काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेताने. "जन्मभर मी वेळी-अवेळी लोकांची दारं उघडायला धावलो. पोरगी झाली तेव्हा मी कुणाच्या तरी तिजोरीपाशी, ती पोरगी तापाने गेली तेव्हाही कुणाच्या तरी दाराशी. ही दर वेळी एकटी. आता ही राहणार असेल तर उत्तमच. पण जाणार असेल तर त्या वेळी मी बाहेर नको. एवढंच. त्या वेळी मी इथे हवा."

म्हणून काका घरी जात नव्हते. बसने दीड-दोन तासांवर घर, आणि हे बाहेरच्या बाकावर पडून. वॉर्डबॉय त्यांना रोज उठवायचा, ते रोज परत यायचे.

तो काकूंच्या कानाशी वाकून नेहमीचं म्हणाला, "थोडंच राहिलंय." बेशुद्ध माणसालाही तो ते सांगायचाच, सवय म्हणा नाहीतर काही म्हणा.

चार-पाच दिवसांनी काका अचानक म्हणाले, "तुमचं तोंड म्हणजे शुद्ध पोलाद आहे. काही कळत नाही. पण आवाजावरून कळतं बरं का."

"आवाजावरून काय कळतं?"

"परवा 'थोडंच राहिलंय' म्हणालात ते नुसतं ओठांतून. आज म्हणालात ते पोटातून. म्हणजे आज परवापेक्षा बरं आहे." काका हसले. "भाऊ, कुलूप डोळ्यांनी उघडत नसतं, कानांनी उघडतं."

खरोखरच सूज त्या दिवशी किंचित उतरली होती. तो थिजून उभा राहिला. इतकी वर्षं त्याने चेहऱ्याला कुलूप घातलं होतं आणि आवाज सताड उघडा टाकला होता, कारण काचेपलीकडे तो आवाज असा कान देऊन ऐकणारं कोणी नव्हतं. त्याला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंद जास्त झाला. आपल्याला कोणीतरी ऐकलं, नुसतं बोलणं नाही, आपल्याला ऐकलं, हे त्याच्या बाबतीत बायको गेल्यापासून घडलं नव्हतं.

त्यानंतर फोटो झाला की यंत्र भिंतीला लावून तो व्हरांड्यात काकांशेजारी बसायला लागला. मशीनमधला पाणचट चहा दोन कागदी कपांत. काका कुलपांच्या गोष्टी सांगायचे. एका माणसाने म्हणे बायकोवर रागावून स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं आणि मग कडीच अडकली. काका दार उघडेपर्यंत नवराबायकोचं दारातूनच भांडण होऊन समेटही झाला होता. तो हसला. मोठ्याने हसला. जवळून जाणाऱ्या सिस्टर थबकल्या आणि त्यांनी मागे वळून नक्की कोण हसलं ते पाहिलं. तोही मग बोलायला लागला. बोगद्यात घोरणाऱ्यांच्या गोष्टी, तळघराच्या गोष्टी, एकदा तर बायकोचीही. काकांनी ती गोष्ट मध्ये न बोलता ऐकली आणि कपातला उरलेला चहा त्याच्या कपात ओतला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो काहीतरी निमित्त काढून इस्पितळात यायला लागला. 'गाडीवर काय ताजं' म्हणणाऱ्यांना आता तो उत्तर द्यायचा. "तुमच्यासाठी कारली," म्हणायचा.

मग काकूंनी काकांचं बोट दाबलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून काही ठरवू नका. पण काकांनी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये लोखंड काढता काढता ते म्हणाले, "आज फोटो झाला की घरी जाऊन येतो. आंघोळ करतो, हिचे धुतलेले कपडे आणतो. शुद्धीवर आली आणि मला या अवतारात पाहिलं तर परत डोळे मिटेल. तीन-चार दिवस तुमचा आवाज ऐकतोय ना, ठणठणीत आहे. आता हरकत नाही."

यंत्र टकटकायला लागलं. काका हात धरून बसले. पडद्यावर चित्र वरून खाली उतरत गेलं.

चष्मा विसरल्यासारखं चित्र असलं तरी काही गोष्टी त्यातही लपत नाहीत. मेंदूच्या मधोमध जी रेघ सरळ असायला हवी, ती एका बाजूला ढकलली गेली होती. कालच्यापेक्षा कितीतरी. एका अंगाची पोकळी दाबून जवळजवळ मिटली होती. अशी चित्रं त्याने वर्षानुवर्षं पाहिली होती आणि पुढे काय होतं तेही त्याला ठाऊक होतं.

चेहऱ्याची घडी जागच्या जागी राहिली, त्याला काही करावंच लागलं नाही. पण शेवटची फेरी सुरू झाली, काकूंच्या कानाशी वाकायची वेळ आली, आणि त्याला आठवलं की शेजारी बसलेला म्हातारा कानांनी कुलपं उघडतो. तो वाकला आणि काहीच बोलला नाही.

"आज गप्प?" काकांनी विचारलं.

त्याने गळ्याला हात लावला आणि कुजबुजला, "घसा बसलाय."

"मग बोलू नका. गरम पाण्याच्या गुळण्या करा, मीठ टाकून. हयगय करू नका."

ट्रेजवळ ठेवलेला त्याचा फोन थरथरला. चित्रं वरच्या मजल्यावर मॅडमच्या पडद्यावर तेव्हाच पोचली होती. तो दारापर्यंत जाऊन बोलला. "पाहिलं मी," मॅडम म्हणाल्या. "सर्जनना बोलावलंय, ऑपरेशन होतंय का बघतील. नातेवाइकांशी आम्ही बोलू. तुम्ही काही बोलू नका."

"हो," तो म्हणाला. नातेवाईक या क्षणी खिशात किल्ल्या भरतोय आणि बस पकडायला निघालाय, हे त्याने सांगितलं नाही. सांगू नये असं ठरवलं होतं का? नाही. ते सुचलंच नाही. तोंड मिटायचं म्हटलं की त्याचं सगळंच मिटायचं, दारं, खिडक्या, सगळं. मोठ्या सिस्टर पलीकडच्या पलंगावर एका पेशंटची छाती दाबत होत्या, त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती.

काकांनी शेवटची किल्ली खिशात टाकली. काकूंच्या कपाळावरून हात फिरवला. त्याच्यासमोरून जाताना त्याच्या खांद्यावर थोपटलं. तो दांडा धरून उभा होता. मग तो यंत्र घेऊन व्हरांड्यातून निघाला, आणि यंत्र माणसाच्या चालीने चालतं म्हणून पुढे जिन्याकडे जाणारे काका त्याला बराच वेळ दिसत राहिले. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

सर्जन आले तोवर काकूंच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, मेंदूवरचा दाब हाताबाहेर गेल्याची खूण. ऑपरेशनच्या खोलीपर्यंत त्यांना नेताच आलं नाही. काकांना फोन लागला तेव्हा ते स्वतःच्या दारात पोचले होते. तसेच मागे फिरले. ते येईपर्यंत काकू गेल्या होत्या आणि जाताना काकूंपाशी परकी माणसं होती, सगळी आपापलं काम नीट करणारी.

"काकांना जाऊ कोणी दिलं?" सिस्टरनी त्याला व्हरांड्यात गाठलं. तो यंत्राची वायर गुंडाळत राहिला. त्यांना कळलं. "तुम्ही होतात ना तिथे?"

"मला सांगायचा अधिकार नाही," तो म्हणाला.

"कशाचा अधिकार?" सिस्टरचा आवाज चढला नाही, त्या फार थकल्या होत्या. "फोटोतलं सांगा असं कोण म्हणतंय? 'डॉक्टर येतायत, बसा जरा.' एवढं म्हणायचं. एवढं तर आमचा वॉर्डबॉयसुद्धा रोज शंभर वेळा म्हणतो."

तो भिंतीला टेकला. खरंच की. कुठलाही नियम मोडणारं असं त्या वाक्यात काही नव्हतं. बसा जरा. एवढी वर्षं काय बोलायचं नाही हे त्याने इतकं घोटलं होतं की काय बोलता येतं याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

संध्याकाळी काका व्हरांड्यातल्या त्याच बाकावर बसलेले दिसले. मांडीवर धुतलेल्या कपड्यांची पिशवी. परत फिरताना घरातून तेवढं उचलायचं भान राहिलं होतं, की नुसतंच हाताला लागलं होतं, कोण जाणे. तो समोर जाऊन उभा राहिला.  काकांनी वर पाहिलं. डोळे कोरडे होते.

"घसा कसा आहे?" काकांनी विचारलं.

त्यांना काही कळलेलं नव्हतं. म्हातारा खरोखरच त्याच्या घशाची चौकशी करत होता.

"बरा आहे," तो म्हणाला.

आणि काकांची मान थोडी कलती झाली. स्वच्छ, भरदार, खरखर नसलेला तो आवाज त्यांनी ऐकून घेतला, तो पुरता आत जाऊन बसेपर्यंत ते तसेच राहिले. मग मान सरळ झाली. चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

"हो," काका म्हणाले. "चांगला आहे आवाज."

ते पिशवी घेऊन उठले. तो बाजूला सरला. आपण काहीतरी बोलणार आहोत असं त्याला वाटत होतं, पण तोंड उघडेपर्यंत काका जिना उतरून गेले होते, आणि त्यांच्या खिशांतल्या लोखंडाचा आवाज खालच्या मजल्यावरूनही येत राहिला.

घरी येऊन तो बूट न काढता पलंगावर बसला. बाहेर अजून उजेड होता, शेजारी कोणीतरी भांडी घासत होतं. बऱ्याच वेळाने तो समोरच्या भिंतीला म्हणाला, "काका, आज जाऊ नका."

ते माइकमधून आल्यासारखं आलं. संथ, नीटनेटकं, कोणालाही उद्देशून चालेल असं. त्याने पुन्हा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणताना 'जाऊ' या शब्दावर घसा दाटला आणि पुढचं वाक्य वेडंवाकडं, फुटलेलं बाहेर पडलं. त्या आवाजावरून कोणालाही सगळं कळलं असतं. ऐकायला घरात कोणी नव्हतं.